खव्याचा उतारा घटला त्याची हकिकत

धारूर,
होळीच्या आदल्या आठवड्यात

प्रिय सिंधू,

रविवारी दुपारची जेवणं झाली की सिस्टर इग्नेशिया आपल्याला अभ्यासाच्या हॉलमध्ये बसवून घरी पत्रं लिहायला लावायची, ते आठवतं का तुला? तू खिडकीकडे, मी तुझ्या डावीकडे, आणि दौत दोघींच्या मध्ये. पत्र पोस्टात पडण्याआधी सिस्टर ते वाचायची, त्यामुळे 'जेवण पौष्टिक आहे, प्रकृती उत्तम आहे, आम्ही आनंदात आहोत' या तीन वाक्यांच्या पुढे आपण कधी गेलो नाही. एकदा तू चौथं वाक्य लिहिलंस, 'भेंडीत अळी होती', आणि सिस्टरने ते खोडून तिथे स्वतःच्या सुबक अक्षरात 'भाज्या ताज्या असतात' असं लिहून पाठवलं. बाहेर रखरखीत ऊन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि माझ्या कागदावर तुझं कोपर. बस, एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, पण गेले चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर तेच आहे, म्हणून पत्र तिथूनच सुरू केलं.

तुला सप्रेम जयभीम, आमच्या लिंगायत घरच्या रीतीने शरणार्थ, आणि तुझ्या यजमानांना, आबासाहेबांना, नमस्कार. तू माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, तेव्हा आशीर्वाद मागायचा हक्क माझा. पण गेल्या खेपेला मागितला तेव्हा तू उलट माझ्याकडेच गुडघ्याला लावायचं तेल मागितलंस, म्हणून या वेळी मागत नाही. तुझा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा? फोनवर तू एक सांगतेस आणि भेटल्यावर लंगडतेस दुसऱ्यानं.) आबासाहेबांची साखर कितीवर आली? त्यांना म्हणावं, यंदा आमच्या जिल्ह्यात कारखान्यांचीसुद्धा साखर खाली आहे, तुम्हालाच एवढी कशाला हवी. माझं म्हणशील तर जेवण पौष्टिक आहे आणि प्रकृती उत्तम आहे. तिसरं वाक्य मात्र लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पत्र लांबणार आहे, चष्मा घेऊन बस.

इकडे दुष्काळ तुझ्या-माझ्या लहानपणच्या दुष्काळासारखाच आहे, फक्त आता त्याला टँकर आहेत. नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं, आणि ते येतं तेव्हा गल्लीत कुणी कुणाची सासू राहत नाही. घाटाखाली गुरांची छावणी पडली आहे. तू एकदा येऊन ती बघायला हवी होतीस. डोंगरापासून सडकेपर्यंत नुसती जनावरं, दाव्याला दावं लागून. माणसंही तिथेच चुली मांडून राहिलेली. अंगणात जसं कुणाचं वाळवण ओळखावं तशी बाया आपापली म्हैस धुळीतून ओळखतात. खायला उसाचे वाढे, म्हणजे ऊस तोडल्यावर वरचा जो पाल्याचा शेंडा उरतो तो. आणि या सगळ्या मातकट पसाऱ्यातून पहाटे पांढरं दूध निघतं. कात्रीसारख्या धारदार पाल्याचं दूध होतं, सिंधू. मी रोज पाहते आणि रोज मला ते खोटं वाटतं.

या दुधाचं आम्ही काय करतो ते तुला थोडंफार ठाऊक आहे, पण तुझ्या भाचीने तुला तिच्या पद्धतीने, म्हणजे तीन शब्दांत सांगितलेलं असणार. दोन वर्षांपूर्वी गावातल्या तरुण पोरांनी मिळून खव्याची सोसायटी काढली. दूध गोळा करायचं, भट्टीवर आटवायचं आणि खवा बीडच्या नि पुण्याच्या मिठाईवाल्यांना पाठवायचा. काढणारी मुख्य तिघं. एक तुझ्या निवृत्तीदादाची विशाखा. ती बीडची पगाराची नोकरी सोडून सचिव झाली. दुसरा माझा पुतण्या पंचाक्षरी, रुद्रप्पा भाऊजींचा धाकटा, ज्याला सगळं गाव पंचू म्हणतं, तो खजिनदार. तिसरा बंकट, त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तो यंदा पहिल्यांदाच मागे राहिला आणि भट्टी सांभाळतो. सोसायटीच्या नावावरूनच पहिला महिना भांडणात गेला. भाऊजींना संतांचं नाव हवं होतं, निवृत्तीदादाला बाबासाहेबांचं, बंकटच्या चुलत्याला गडावरच्या बाबांचं आणि सभासद राधाकिशनला छत्रपतींचं. शेवटी 'बालाघाट' ठेवलं, कारण डोंगराला जात नसते. अध्यक्षाचंही तसंच झालं. कुणाचाच माणूस कुणाला चालेना, तेव्हा सगळ्यांच्या एकमताने मला बसवलं. मला वाटलं, माझ्या अनुभवाचा मान. मग पंचूने खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "काकू, तुमी इंग्रजी बोलता आन् कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. तुमच्यावर कुनाचा डोळाच न्हाई."

तर आता या तिघांविषयी. मी म्हातारी होत चालले तरी माणसांचं मला इतकं आश्चर्य कधी वाटलं नव्हतं, आणि तेही पैशाच्या गोष्टीत. खवा घोटायचं यंत्र घ्यायचं ठरलं (बंकटच्या खांद्याची कमान झाली होती), तेव्हा पैसे कुठून आणायचे यावर सभा बसली. पंचू म्हणाला, कर्ज काढू, त्यात काय एवढं. विशाखा म्हणाली, एक रुपया कर्ज नको, वर्षभर साठवू आणि मग घेऊ. बंकट म्हणाला, पुण्याच्या मिठाईवाल्याकडून आगाऊ पैसे घेऊ आणि खव्यात फेडू. पण हे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला, जणू त्यालाच कुणी आगाऊ विकत घेतलंय. तिघंही आपापल्या मतावर ठाम. तिघांनाही वाटत होतं की हे आपल्या डोक्यातून निघालेलं मत आहे. मी अध्यक्षांच्या खुर्चीत बसून शेंगा खात होते, आणि खाता खाता माझ्या लक्षात आलं की बोलतायत ही पोरं, पण आवाज त्यांच्या आजोबांचे आहेत.

पंचू बारावीत दोनदा अडकला, पण लातूरच्या अडत्याला त्याने नुसता फोन केला की दुकानात पोती येऊन पडतात, कारण अडत्याचे वडील पंचूच्या आजोबांना ओळखत होते. पत नावाची जी वस्तू आहे ती त्याला जन्मतःच मिळाली, कान टोचतात तशी. पैसा फिरता असावा असं तो म्हणतो, आणि त्याचा फिरतोही. पडलाच तर सात काका झेलायला उभे. म्हणून तो धाडसी. मी त्याला उगाच शूर समजत होते. बंकटच्या घरी पैसा आधी येतो आणि काम मागून. मुकादम उचल देतो, ती कुणाच्या लग्नात नाही तर पत्र्याच्या छपरात जाते, आणि मग नवरा-बायकोने सहा महिने दुसऱ्याच्या मुलखात ऊस तोडून ती उतरवायची. त्यामुळे हातात नोटा आल्या की बंकटला आनंद होत नाही, धास्ती वाटते, की आता किती तोडावं लागणार. आणि विशाखा. तिचा पगार हातात पडण्याआधीच वाटला गेलेला असतो: निवृत्तीदादाची औषधं, धाकट्याची लातूरची शिकवणी, चुलत बहिणीच्या नर्सिंगची फी, तिच्या सरूआजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. घराण्यातली पहिली पगारदार मुलगी एकटी कधीच चालत नाही, तिच्यामागे मिरवणूक असते. ती पडली तर खाली कुणी नाही, आणि वर सगळे. म्हणून ती एकेक पाऊल चाचपून टाकते, आणि लोक म्हणतात, पोरगी भित्री आहे. हे मी तुला काय सांगायचं? तू तीस वर्षं हेच केलंस. मी मात्र समजत होते, सिंधू साड्या घेत नाही म्हणजे तिला साड्यांची आवड नसावी.

शेवटी बहुमताने कर्ज ठरलं आणि आम्ही एका बँकेत गेलो (नाव लिहीत नाही). साहेबांनी पंचूला विचारलं, कुणाचे तुम्ही? रुद्रप्पांचे म्हटल्यावर, "अरे, मग आधी सांगायचं नाही का, बसा की." मी सिस्टरने शिकवलेल्या उच्चारात गुड मॉर्निंग म्हटलं, तर ते अर्धे उठले आणि चहा मागवला. विशाखाकडे सगळी कागदपत्रं होती, पदवी होती, बँकेला पुरून उरतील एवढी उत्तरं होती. तिला त्यांनी अगदी मृदू आवाजात विचारलं, तुम्हाला जामीन कोण? म्हणजे बघ, पत पंचूच्या आडनावाला होती, माझ्या उच्चाराला होती. फक्त जिने सगळा हिशेब मांडला तिला नव्हती. बाहेर आल्यावर पंचू खुशीत म्हणाला, "साहेब चांगला मानूस हाय." विशाखा म्हणाली, "तुला." एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली. पंचू घरी येईपर्यंत गप्प होता. पंचू गप्प असणं किती दुर्मीळ, हे तू त्याच्या मुंजीऐवजी झालेल्या दीक्षेच्या दिवशी पाहिलंच आहेस. त्या दिवशीही तो गप्प नव्हता.

आता मुख्य हकिकत. तिसरं वाक्य मी का लिहीत नाही ती.

पन्नास लिटर दुधाला दहा किलो खवा उतरतो. याला उतारा म्हणतात, आणि भट्टीवाल्यांची सगळी अब्रू त्यात असते. माघात आमचा उतारा घटायला लागला. आधी साडेनऊ, मग नऊ, मग साडेआठ. आम्ही सगळ्यांनी दुष्काळाला दोष दिला. वाढे खाऊन म्हशी किती दूध देणार आणि त्या दुधात काय असणार, असं मी स्वतः दोघा-तिघांना समजावलं (म्हशींचं मला जेवढं कळतं त्यापेक्षा फार जास्त अधिकाराने). पण दुष्काळाला शिव्या देऊन समाधान होत नाही, त्याला ऐकू येत नाही. मग लोक एकमेकांकडे बघायला लागले. सभासदांना पैसे कमी पडत होते, पेंडेचा भाव चढत होता, आणि सोसायटी मोडायची भाषा सुरू झाली. शेवटी गेल्या शुक्रवारी भट्टीपुढच्या लिंबाखाली सभा बसली.

छावणीत राधाकिशनच्या दोन म्हशी आहेत आणि घसा तिसऱ्या म्हशीचा आहे. तो उभा राहिला. "काकू, काटा कुनाच्या हातात हाय? वान्याच्या पोराच्या. वान्याच्या काट्यावर दूध बी आटतंय, भट्टी कशाला पायजे?" लोक हसले. पंचूही हसला आणि म्हणाला, "राधाकिशनमामा, तुमच्या कॅनातलं पानी काढा, मग काट्याला आटवायला काय ऱ्हातंय ते बघू." पुन्हा हशा. मला वाटलं, झालं, हसण्यावारी गेलं. पण राधाकिशनचं पित्त चढलं होतं. तो विशाखाकडे वळला. काटा त्याचा नसेल तर कॅन हिच्या ताब्यात असतात, म्हणाला. त्याच्यापुढचं वाक्य मी इथे लिहीत नाही. फुकटाच्या सवयीचं होतं, आणि कुणाला काय आयतं मिळतं त्याविषयी होतं. तू ते वेगवेगळ्या ऑफिसांत, वेगवेगळ्या सभ्य भाषांत ऐकलेलं आहेस. लिंबाखाली ते सभ्य भाषेत नव्हतं, एवढाच फरक.

विशाखाने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं, तिला पाणी हवं आहे. मी तांब्या पुढे केला. तिने तो घेतला, त्यातलं पाणी प्यायली, तांब्या जागेवर ठेवला आणि म्हणाली, "उमामावशी, उद्यापासून दुसरं कुणी बघा." सकाळच्या एसटीने ती पुण्याला, तुझ्याकडे आली. तुला 'रजा घेतली' असं सांगितलं असेल. तिच्या तीन शब्दांतला एक वाचला.

पंचूवर आळ आला आणि पंचू त्याच संध्याकाळी घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवला. सकाळी दुकान उघडलं की लोक येणारच, हे त्याला माहीत होतं. वाण्याच्या काट्याचा विनोद शंभर वर्षं चालत आलाय आणि दुकानही शंभर वर्षं चालत आलंय. विशाखावर तोच आळ आला, पण तो तिच्या एकटीवर नव्हता. पुढे कुठलीही मुलगी सचिवाच्या खुर्चीत बसायला आली की तो आधीच खुर्चीत बसलेला असणार. एकच शब्द, सिंधू, एकाच झाडाखाली, दोघांना. एकाला तो धुळीसारखा लागला आणि दुसरीला दगडासारखा. मी मधोमध बसून दोन्ही पाहिलं आणि तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशीपासून उतारा अर्धा किलोने वाढला. राधाकिशन भट्टीवर येऊन उभा राहिला. "बघा काकू. चोर गेला, खवा आला." खरं सांगते, क्षणभर माझं मन दचकलं. मग सोमवारी, उन्हं कलायला लागली होती, विहारामागच्या मुलींच्या वसतिगृहाच्या गीताबाई रिकामा कॅन घेऊन दारात आल्या. "मावशी, दूध कावून न्हाई आलं? दोन दिस झाले. पोरी कोरा च्या पिऊन शाळंला चालल्यात." मी विचारलं, कुठलं दूध? तर विशाखा महिनाभर रोजच्या दुधाचा विसावा हिस्सा त्यांच्याकडे पाठवत होती. कुणाच्या परवानगीने, असं मी (अध्यक्षांच्या आवाजात) विचारलं, तर गीताबाई म्हणाल्या, "तुमच्याच की. ठराव झालाय म्हनली."

ठराव झाला होता. सोसायटीच्या पहिल्याच सभेत विशाखाने मांडला होता, पंचूने दुजोरा दिला होता, सगळ्यांनी हात वर केले होते: दुष्काळ पडला तर दुधाचा विसावा हिस्सा गरजूंना द्यावा, आणि कुणाला द्यायचा ते अध्यक्षांनी ठरवावं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या विसरल्या. लिंबाखाली ती पोर माझ्याकडे पाहत होती ते पाण्यासाठी नव्हे. मी दोन शब्द बोलेन म्हणून पाहत होती.

मी तशीच भट्टीत गेले. पंचू हिशेब करत होता, बंकट कढईत उलथनं फिरवत होता. मी सगळं सांगितलं. पंचूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. म्हणाला, "काकू, तरी तूट दीड किलोची हुती. तिच्या दुधाचा अर्धाच किलो." मग बाकीचं कुठं गेलं, मी विचारलं. तो कानाची पाळी ओढायला लागला. "ठराव झालता, पन कुनी काय करंना. मला वाटलं, दासोह आपल्यातच असतोय, बाकीच्यांत कुठं असतोय. म्हनून मीच रोज मठात पाठवत गेलो. दुपारच्या पंगतीत आंबील करत्यात त्याची." (दासोह म्हणजे आमच्यातलं अन्नदान.) त्याचाही अर्धा किलो. एवढ्यात कढईतला आवाज थांबला. बंकट उलथनं धरून उभा होता आणि आमच्याकडे बघत नव्हता. "माझं बी धरा," म्हणाला. त्याच्या वस्तीवर आईबाप तोडीला गेलेली लेकरं म्हाताऱ्यांपाशी मागे राहिली आहेत. तोही असाच मागे राहून वाढला. तो रोज जाताना त्यांना दूध नेत होता. "तुमा लोकांत कुनाला ठाव असतंय त्यांचं? म्हनलं, आपनच बघावं."

विशाखाने गीताबाईंना काय सांगितलं होतं ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली होती, बाकीचे ठराव विसरले, त्यांच्यात ही पद्धत नसते, आपल्याला सरूआजीने शिकवलंय.

सिंधू, मी त्या भट्टीत दुधाच्या पिंपावर बसले आणि मला उठता येईना. (गुडघे माझेही आहेत.) यंदाच्या वर्षी, जिथे एक घागर पाण्यावरून सख्ख्या जावा बोलेनाशा झाल्या, तिथे तीन पोरं एकमेकांपासून लपवून दान करत होती. आणि लपवत का होती, तर प्रत्येकाला वाटत होतं की द्यायची रीत फक्त आपल्या घरात आहे. चोरी कुणीच केली नव्हती. एकच ठराव तीनदा पाळला होता, तीन आज्यांच्या तीन शिकवणींप्रमाणे. मी आयुष्यात पुष्कळ प्रार्थना म्हटल्या, कॉन्व्हेंटातल्या आणि घरच्या, पण हात आपोआप जुळले असं त्या दिवशी झालं. आणि समोर बघायला गेलं तर फक्त कढई होती.

मंगळवारी पुन्हा सभा बसली. त्याच लिंबाखाली. या वेळी मी उभी राहिले आणि ठराव वाचला आणि तो विसरल्याचं सांगितलं. (मराठीत सांगितलं. इंग्रजीत ते फार सोपं झालं असतं.) राधाकिशन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मग उठला. बाकीच्यांना वाटलं, आता हा मठावर घसरणार. तो भट्टीकडे बघत म्हणाला, "पोरीच्या जातीवर गेलो मी. ते चुकलं माझं. काटा-बिटा सोडा, ते मापात येतंय. हे कशात येत न्हाई." आणि खाली बसला. मग पुन्हा उठून म्हणाला, "ती आली म्हंजे तिच्या म्होरं परत म्हनतो. न्हाई तर म्हनाल, मागनं बोलला." त्या माणसाचा मला इतका राग होता, सिंधू, की तो कुठे गेला हे मी अजून शोधते आहे. माफ करायचं की नाही ते विशाखाने ठरवायचं, मी नाही.

आता तिन्ही हिस्से एकाच कॅनात काढायचे, एकूण विसावा, आणि आळीपाळीने वसतिगृहात, मठात आणि वस्तीवर पाठवायचे, असं ठरलं आहे. कॅनवर काय लिहायचं यावरून अर्थात भांडण झालं. दासोह लिहा, धम्मदान लिहा, लेकरांचं दूध लिहा. अखेर काहीच लिहिलं नाही. तो कॅन कोराच फिरतो, आणि दारात दिसला की लोक ओळखतात. काल संध्याकाळी तो बंकटच्या खांद्यावरून वस्तीकडे जाताना मी पाहिला. मागे लेकरांची रांग. घाटावर ऊन अजून होतं.

उतारा साडेनऊच्या जवळ आला आहे. थोडी तूट राहतेच, पण ती दुष्काळाची समजायची.

तुझ्या बाजूला सगळ्यांना यथायोग्य. पत्र सिस्टरला दाखवायचं नाही, ही एक मोठी सोय आता आहे.

तुझी,
उमा

ता. क. १. वर लिहिलेली 'थोडी तूट' दुष्काळाची नाही. चार मांजरं आहेत. त्यांना ठरावाचा कुठलाही आधार नाही. येत्या सभेत सांगणार आहे, पण राधाकिशन आजारी असेल अशा दिवशी सभा ठेवता आली तर बघते.

ता. क. २. आबासाहेबांनी विशाखासाठी त्यांच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीत जागा पाहून ठेवली आहे, असं निवृत्तीदादाकडून कळलं. पगार चांगला आहे म्हणे, आणि तिच्यामागची मिरवणूक पाहता तिने ती घ्यावी असंच कुणीही शहाणं माणूस सांगेल. मी शहाणपणाचं काही लिहायला बसले नव्हते. सभेत तिचा पगार वाढवायचा ठराव केला आहे, आणि हा मी विसरणार नाही. तरी पुण्याएवढा तो होणार नाही. इथून पुढे बँकेत तिला जामीन म्हणून माझं नाव घालायचं, असंही मी साहेबांना कळवून आले. (चहा आला. घेतला नाही.) तू तिला 'जा' म्हणू नकोस आणि 'राहा' म्हणू नकोस. फक्त हे पत्र अशा जागी ठेव जिथे ते तिला सापडेल. तू अभ्यासाच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या कुठे ठेवायचीस ते मला माहीत आहे, तसं नको. ते कुणालाच सापडायचं नाही.

ता. क. ३. पुण्याला खवा घेऊन येणाऱ्या टेम्पोत पंचू बसतो आहे, त्याच्याबरोबर डबे पाठवते. कोणता कुणाला ते नीट वाच. मोठा स्टीलचा डबा तुझा; गुलाबजाम कर, पोळ्यांत भरू नकोस, तुझ्या पोळ्या फुटतात. त्यातला चमचाभर आबासाहेबांना, तोही वास घेण्यापुरता. पितळी डबीत तेल आहे, ते गुडघ्याला, डाव्या किंवा उजव्या. कागदात बांधलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या सरूआजीने तिच्या नातीसाठी दिल्या आहेत, त्या मोजून दे, ती विचारणार. पंचूला जेवायला वाढ आणि विशाखाशी बोलायला दहा मिनिटं दे. तो गप्प बसला तरी उठवू नकोस. सगळ्यात खाली एक फडक्यात बांधलेला लहान डबा आहे, तो दुसऱ्या कुणी उघडायचा नाही, तो विशाखाच्याच हातात द्यायचा. त्यात ती गेल्यानंतरचा पहिला खवा आहे. जाळ कधी कमी करायचा हे तिच्याशिवाय कुणाला सांगता आलं नाही, आणि बंकटचं लक्ष सगळं सडकेकडे होतं, म्हणून तो खाली लागला आहे. ती एक बोट चाखेल आणि भयंकर रागावेल. रागावली की तिला अडवू नकोस, बॅग भरू दे. परतीचा टेम्पो चार वाजता सुटतो.